घरासाठी पत्र्याचं छप्पर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रा टाकायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग बघायला बसतात, पण रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा. छप्पर किती वर्षं टिकणार, गळणार की नाही, उन्हात घर भट्टी होणार की नाही, हे सगळं ठरतं रंगाखालच्या लेपावर, स्क्रूवर, जोडांवर आणि खालच्या सांगाड्यावर, म्हणजे काम झाल्यावर जे डोळ्यांना दिसतच नाही त्यावर. म्हणून इथे त्याच गोष्टींवर जास्त लिहिलंय. कोटेशन घ्यायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

पत्रा म्हणजे नेमका कुठला? दुकानात वेगवेगळी नावं सांगतात.

घरासाठी बहुतेक वेळा आतला पत्रा स्टीलचाच असतो, फरक वरच्या लेपात असतो. सगळ्यांना माहीत असलेला जीआय, म्हणजे स्टीलवर जस्ताचा थर. ही काही नवी गोष्ट नाही, नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीत इंजिनियर असलेल्या हेन्री रॉबिन्सन पामरने १८२९ मध्ये घेतलं आणि लोखंडावर जस्ताचा लेप द्यायची पद्धत फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ ला पेटंट केली. त्या नाल्या शोभेसाठी नसतात बरं का, सपाट पातळ पत्रा लगेच वाकतो, घड्या पडल्या की तोच पत्रा वजन झेलतो.

दुसरा प्रकार गॅलव्हल्युम, काही जण अ‍ॅल्युझिंक म्हणतात. यात लेपामध्ये वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, साधारण ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं, १९७२ पासून हा बाजारात आहे. अ‍ॅल्युमिनियममुळे लेप खूप हळू झिजतो आणि जस्त कापलेल्या कडा आणि ओरखडे सांभाळतं, दोघांचं काम वेगळं आहे. आणि कलर कोटेड म्हणजे तिसरा धातू नाही, याच दोघांपैकी एकावर फॅक्टरीत चढवलेला रंग. त्यामुळे कोणी नुसतं 'कलर कोटेड आहे' म्हटलं तर लगेच विचारा, रंगाखाली काय आहे? या एका प्रश्नावर समोरच्याला माल कितपत कळतो ते समजतं.

याशिवाय पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, तांबं, जस्ताची शीट आणि वर दगडाची बारीक खडी चिकटवलेल्या कौलासारख्या स्टीलच्या शीट असतात. तांबं अनेक पिढ्या टिकतं पण महाग आणि काम करणारे कारागीर कमी, त्यामुळे साध्या घरासाठी त्यात फार शिरत नाही.

जाडी किती घ्यावी?

आधी गेज सोडा आणि मिलिमीटरमध्ये बोला. गेजमध्ये आकडा मोठा तितका पत्रा पातळ, आणि ऐकणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टीसीटी आणि बीएमटी. टीसीटी म्हणजे लेपासकट जाडी, बीएमटी म्हणजे फक्त आतल्या स्टीलची. एझेड १५० लेपाचे (हा गॅलव्हल्युमचा लेप, पुढे सांगितलाय) दोन्ही बाजू मिळून ०.०४ मिमी जातात, रंगाचे अजून ०.०२५ ते ०.०३, म्हणजे 'टोटल ०.५०' म्हणून विकलेल्या रंगीत पत्र्यात स्टील असतं जेमतेम ०.४३. यात फसवणूक नाही पण एका दुकानदाराने टीसीटी सांगितली आणि दुसऱ्याने बीएमटी तर दोन भावांची तुलनाच होत नाही, आणि लोक स्वस्त भाव बघून खूश होतात. दोघांकडून बीएमटी लिहून घ्या.

आता किती घ्यावी, तर ते खालच्या पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, अंतरावर अवलंबून आहे. अंतर वाढलं की पत्रा जाड हवा, प्रत्येक कंपनीचा त्यासाठी चार्ट असतो, तो मागून घ्या. माझं मत विचाराल तर राहत्या घरावर टीसीटी ०.४५ च्या खाली जाऊ नका, ०.५० घेतलात तर उत्तम, ०.३५ चा पत्रा शेडला ठीक आहे पण घरावर टाकी साफ करायला किंवा सोलर पॅनेल पुसायला माणूस चढणारच आणि पाऊल पडलं की पोचा येतो, मग त्या पोच्यात पाणी साचतं आणि तिथूनच गंज चालू.

जाडी तपासायची तर माल उतरल्यावर मायक्रोमीटर लावा, साध्या पट्टीने कळत नाही. वजनावरूनही अंदाज येतो, ०.५ मिमी स्टीलचा सपाट चौरस मीटर साधारण ३.९ किलो भरतो, मात्र हिशोब घड्या पडायच्या आधीच्या रुंदीवर करायचा, छपरावर झाकलेल्या रुंदीवर नाही.

झेड १२०, झेड २७५, एझेड १५० हे काय आहे? खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. झेड २७५ म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला साधारण १९-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर होतो. झेड १२० ला तोच थर साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. जस्त हवेत दरवर्षी थोडं थोडं झिजत जातं आणि थर संपला की स्टील उघडं पडतं, त्यामुळे थर दुप्पट तर आयुष्यही जवळपास दुप्पट.

झिजण्याचा वेग हवेवर आहे. आयएसओ ९२२३ या स्टँडर्डमध्ये हवेचे वर्ग दिलेत, सी३ म्हणजे मध्यम हवा, तिथे जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं आणि सी५ म्हणजे खारट किंवा कारखान्यांची जहाल हवा, तिथे ४.२ ते ८.४. आता स्वतःच हिशोब करा, उघडा झेड २७५ पत्रा मध्यम हवेत दहा ते अठ्ठावीस वर्षं काढेल आणि खारट हवेत अडीच ते पाच वर्षांत जस्त संपेल. तोच पत्रा, तीच कंपनी, जागा बदलली एवढंच. शेजारच्या गावातल्या कोणाचा पत्रा वीस वर्षं टिकला हे ऐकून निर्णय घेणं म्हणूनच धोक्याचं आहे.

एझेड १५० म्हणजे गॅलव्हल्युमचा १५० ग्रॅम लेप. हा लेप हलका असल्यामुळे १५० ग्रॅममध्येही एका बाजूला साधारण २० मायक्रॉन जाडी मिळते आणि झिजतो जस्तापेक्षा बराच हळू. राहत्या घरासाठी पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे एझेड १५० वरून खाली उतरू नका.

समुद्राजवळ घर असेल तर?

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सगळ्यात बरा, कारण त्यात लाल गंज चढायला लोखंडच नाही. स्टीलच घ्यायचं असेल तर गॅलव्हल्युम आणि वर पीव्हीडीएफ रंग, तो उन्हाने लवकर उडत नाही आणि खडूसारखी पांढरी भुकटीही सुटत नाही. साध्या पॉलिएस्टर रंगाचा पत्रा सुरुवातीला तितकाच छान दिसतो, फरक नंतर कळतो.

लोकांच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे वळचण. वरचा भाग पावसाने धुतला जातो पण वळचणीखाली, भिंतीच्या बाजूच्या पत्र्यावर मीठ साचून राहतं आणि गंज तिथून वर येतो. साध्या पाण्याने अधूनमधून खालून धुवायचं, बस. आणि गोठा किंवा कोंबड्यांची शेड घराला लागून असेल तर तिथे गॅलव्हल्युम टाळा, शेणामुताचा अमोनिया अ‍ॅल्युमिनियमवाल्या लेपाला मानवत नाही.

पत्र्याखाली उकाडा होतो, यावर उपाय आहे का?

आहे, पण तो एक नाही, तीन एकत्र करावे लागतात.

पहिला, रंग. पांढरा किंवा फिकट पत्रा नवीन असताना ऊन निम्म्याहून जास्त परत फेकतो, काळा जवळपास सगळं पिऊन घेतो. चकचकीत बिनरंगी पत्रा ऊन परत फेकतो खरा पण एकदा तापला की उष्णता लवकर सोडत नाही म्हणून हाताला चटका बसतो, तेव्हा चकाकी बघून थंड समजू नका.

दुसरा, हवा. आढ्याला तापलेली हवा बाहेर जायला वाट हवी आणि वळचणीला आत यायला, दोन्हीपैकी एकच ठेवली तर उपयोग नाही.

तिसरा, इन्सुलेशन. चांदीसारखी फॉइल लावणार असाल तर तिच्या चकचकीत बाजूसमोर निदान २०-२५ मिमी मोकळी हवा हवीच, पत्र्याला घट्ट चिकटवलेली फॉइल नुसता पैशाचा अपव्यय आहे कारण ती फक्त हवेच्या पोकळीतच काम करते. चकचकीत बाजू खाली ठेवा, वर ठेवली तर धूळ बसून दोन-चार वर्षांत निकामी होते. फॉइलबरोबर रॉकवूल किंवा ग्लासवूलचा, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या लोकरीचा थर, नाहीतर सरळ पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम. पफचा ५० मिमी थर साधारण ७५-८० मिमी रॉकवूलइतकं काम करतो, पण आग लागली तर फोम जळतो, रॉकवूल जळत नाही. स्वयंपाकघरावर किंवा वायरिंगची गर्दी आहे तिथे मी रॉकवूलच सुचवेन.

पावसाचा आवाज फार होतो म्हणतात?

उघड्या पत्र्याला होतो, जोराच्या पावसात शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो, तेव्हा त्याला खालून काहीतरी टेकलेलं हवं. रॉकवूलचा ब्लँकेट पत्र्याला लागून ताणला तर आवाज खूप उतरतो, खाली फॉल्स सीलिंग केलं तर अजून. फॉल्स सीलिंग एकटं केलंत आणि वर पोकळी रिकामी ठेवली तर तेवढा फरक जाणवत नाही. आधीच ठरवा कारण पत्रे बसल्यावर वर ब्लँकेट घालायला सगळे पुन्हा उचकटावे लागतात.

पाऊस नसताना पत्र्यातून पाणी टपकतं, गळती आहे का?

सकाळी टपकत असेल तर बहुतेक गळती नाही, दव आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि घरातली दमट हवा खालून लागली की थेंब धरतात. लोक वरून सिलिकॉन मारत राहतात आणि टपकणं थांबत नाही, कारण पाणी वरून येतच नाही. स्वयंपाकघराची आणि बाथरूमची वाफ बाहेर काढा, पत्र्याखाली वारा खेळता ठेवा, आणि नवीन काम असेल तर खालच्या बाजूला ओलावा धरून ठेवणारं फेल्ट चिकटवलेला पत्रा मिळतो तो बघा.

वादळात पत्रे उडतात, मग घरावर टाकायचे कसे?

पत्रा जवळपास कधीच एकटा उडत नाही, तो जिथे धरलाय ते सुटतं. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते, मधे कमी. म्हणून कडेच्या पर्लिनवर पत्र्याच्या प्रत्येक माथ्यावर (उंचवट्यावर) स्क्रू आणि कडेला पर्लिनचं अंतरही कमी, हे ड्रॉइंगमध्ये असायला हवं. सगळीकडे सारखंच अंतर दिसलं तर विचारा का.

१९७४ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी नावाचं चक्रीवादळ आलं, तिथे घरांवरचे पत्रे फार मोठ्या प्रमाणात गेले. नंतर तपासात दिसलं की वाऱ्याच्या सततच्या धक्क्यांनी पत्रा खिळे-स्क्रूंभोवती वाकत आणि सरळ होत राहिला, धातू थकला, भोकाभोवती चिरा गेल्या आणि पत्रा स्क्रू तिथेच ठेवून निघून गेला. म्हणून वादळी भागात स्क्रूखाली रुंद सायक्लोन वायसर घालतात, त्याने ताण पसरतो.

आणि साखळी पूर्ण बघा. पत्रा पर्लिनला, पर्लिन ट्रसला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला) किंवा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला. बऱ्याच घरांत वरचे दोन सांधे मजबूत असतात आणि ट्रस भिंतीवर नुसता ठेवलेला असतो, मग अख्खं छप्पर एकत्र उचललं जातं. पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो, १०० मिमीच्या काँक्रीट स्लॅबचं अडीचशे किलो, त्यामुळे स्लॅब स्वतःच्या वजनावर बसतो तसा पत्रा बसत नाही, त्याला बांधावंच लागतं. चारी बाजूंनी उतार असलेलं छप्पर दोन पाख्यांच्या छपरापेक्षा वाऱ्यात जास्त टिकतं, नवीन बांधत असाल तर याचा विचार जरूर करा.

स्क्रू कुठला आणि कसा मारायचा?

पत्र्याचं आयुष्य चाळीस वर्षं धरलं आणि स्क्रू दहा वर्षांत गंजला तर छप्पर दहा वर्षांचंच. स्क्रूवर पत्र्याइतकाच चांगला लेप हवा आणि वायसर ईपीडीएम रबराचा, साधं काळं रबर उन्हाने तडकतं. स्टेनलेसचा स्क्रू जास्त चांगला असं वाटतं पण गॅलव्हल्युमवर, विशेषतः खारट हवेत, तो त्याच्या भोवतीचा लेप खातो. अ‍ॅल्युमिनियम पत्र्याला मात्र स्टेनलेस चालतो.

छपरावर स्क्रू माथ्यावर मारलेला बरा कारण पाणी खोबणीतून वाहतं. काही पत्रे मुद्दाम सपाट भागात स्क्रू मारायला बनवलेले असतात, तिथे कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे जा. वायसर किंचित फुगलेला दिसला पाहिजे, चपटा होऊन बाजूने बाहेर आला म्हणजे जास्त आवळला. तिरका गेलेला स्क्रू आज ना उद्या गळणारच.

ज्यांना स्क्रूची काळजीच नको त्यांच्यासाठी स्टँडिंग सीम, यात पत्र्याच्या उभ्या कडा एकमेकींत दुमडतात आणि खालची क्लिप पत्रा धरते, वर भोकच नाही. खर्च जास्त पण पत्रा मोकळेपणी लांब-आखूड होतो, हा मोठा फायदा. १० मीटरचा स्टीलचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने ६ मिमी सरकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा जवळपास १२, ही ओढ साध्या छपरात स्क्रूच्या भोकांवर पडते आणि भोकं रुंदावतात.

छप्पर गळतं ते नक्की कुठून?

पत्र्याच्या मधून फार क्वचित. भिंतीला लागून असलेली कड, दोन पाखी मिळतात ती खोबण, पाइप वर काढलेली जागा, आणि आढं. तेव्हा फ्लॅशिंग, म्हणजे हे जोड झाकणारी वाकवलेली पट्टी, कोण करणार, कशाची करणार, हे पत्र्याच्या भावाइतकंच महत्त्वाचं आहे. आढ्याजवळ पत्र्याच्या खोबणीचं टोक वर वळवून घ्यायला सांगा, साधं पक्कडीचं काम आहे पण वाऱ्याने उलटं चढणारं पाणी तिथेच अडतं. आडव्या जोडाला १५० ते २०० मिमी लॅप, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर तेवढा चढलेला, आणि मधे ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). उभ्या जोडाचं तोंड वारा येतो त्याच्या उलट बाजूला.

सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अ‍ॅसिड सोडतं आणि लेप खातं, लावताना वास घेतला तरी कळतं. उतार पत्र्याच्या प्रोफाइलवर, म्हणजे घड्यांच्या आकारावर आहे, साध्या नालीदार पत्र्याला निदान ५ अंश तरी लागतात, जास्त मिळाला तर घ्याच, कमी उतारावर पानं आणि माती साचते.

पत्र्यावर दुसरा धातू चालतो का?

सांभाळून. तांब्यावरून आलेलं पाणी जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या लेपावर पडलं की लेप झपाट्याने जातो, म्हणून एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी पत्र्यावर सोडू नका. शिसं गॅलव्हल्युमला चालत नाही. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं, प्लॅस्टर करताना पडलेले शिंतोडे लगेच धुवा. आणि रंगीत किंवा गॅलव्हल्युम पत्र्याखाली साधी जीआयची पन्हळ लावू नका, वरून येणारं स्वच्छ पाणी तिचं जस्त लवकर धुऊन नेतं.

वीज पडायचा धोका वाढतो का?

नाही. वीज उंची आणि जागा बघते, पत्रा आहे म्हणून येत नाही, आणि पत्रा स्वतः पेट घेत नाही. घर उंचावर एकटं असेल तर वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) आणि अर्थिंग करा, तसं ते स्लॅबच्या घरालाही करावं लागतंच.

मोबाइलची रेंज जाते का?

कमी होऊ शकते, कारण धातू सिग्नल अडवतो. खिडक्यांतून येतो तेवढा बहुतेक पुरतो.

सोलर पॅनेल बसतील का?

बसतील. स्टँडिंग सीमवर क्लॅम्पने बसतात, एकही भोक पाडावं लागत नाही. साध्या पत्र्यावर पॅनेलच्या स्टँडचा पाय पर्लिनमध्येच रुतला पाहिजे, नुसत्या पत्र्यात नाही. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास धरतात, तेव्हा आधीच जुना झालेल्या पत्र्यावर नवीन पॅनेल बसवू नका, मधेच पत्रा बदलायला सगळं उतरवावं लागेल.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यावरच नवीन टाकला तर?

जुना पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, आणि त्याला ड्रिल मारणं, तोडणं, घासणं म्हणजे त्याचे बारीक तंतू श्वासात घेणं, त्याने फुप्फुसांचा कॅन्सर होतो. यात घाई करू नका आणि घरातल्या माणसांनी तर हात लावूच नये. हे काम जाणणाऱ्या लोकांकडून ओला करून, अख्खा उतरवून घ्या.

नवीन पत्रा लाटांसारखा वाकडा दिसतो, माल खराब आहे का?

रुंद सपाट पट्ट्यांच्या पत्र्यात असं दिसतंच, मजबुतीला काही होत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर अरुंद पट्टीचा किंवा मधे बारीक रेघा असलेला घ्या.

वॉरंटीत काय बघायचं?

दोन वॉरंट्या असतात, एक भोक पडण्याची आणि एक रंगाची, विक्रेता मोठा आकडा सांगतो तो बहुतेक पहिलीचा. समुद्रापासून किती अंतरापर्यंत ती लागू नाही ते वाचा, धुण्याची अट आहे का ते वाचा, आणि वर्षं जातील तशी रक्कम कमी होते का तेही. पत्र्याच्या मागच्या बाजूला छापलेली ओळ, ज्यात कंपनी, लेप आणि जाडी असते, तिचा फोटो काढून बिलाबरोबर ठेवा.

काम चालू असताना आपण काय बघायचं?

माल आला की गठ्ठा जमिनीवर सपाट ठेवू देऊ नका, एका बाजूने उचलून तिरका ठेवा आणि पाणी शिरू देऊ नका, दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं की वापरायच्या आधीच पांढरा गंज चढतो. गॅलव्हल्युमवर पेन्सिलने खूण करू नका, मार्कर द्या, पेन्सिलच्या रेघेवर लेप खाल्ला जातो. पत्रा ग्राइंडरने कापायला लागले तर थांबवा, ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि उडालेले कण शेजारच्या रंगात रुततात, कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) वापरायला सांगा. ड्रिलचा बारीक भुसा रोज संध्याकाळी झाडून घ्यायचा, एका रात्रीच्या दवात तो गंजतो आणि नवीन पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात ते परत निघत नाहीत. पत्र्यावर प्लॅस्टिकची फिल्म असेल तर बसवल्या दिवशीच काढा, उन्हात ती भाजून चिकटते.

नंतर देखभाल किती?

फार नाही. पन्हळ आणि खोबणीतली पानं काढायची, वळचणीखाली धुवायचं, आणि काही वर्षांनी वर चढून वायसर बघायचे, तडकलेला दिसला की तेवढा स्क्रू बदलायचा, थोडा जाड घालायचा म्हणजे जुन्या भोकात घट्ट बसतो. वर चालताना पर्लिनच्या रेषेवर म्हणजे स्क्रूच्या ओळीवरच पाय टाका, मऊ तळाचे बूट घाला, आणि ओल्या पत्र्यावर चढू नका, पाऊस गेल्यावर पूर्ण वाळू द्या.